बॅग फुटली, चाक गेलं, हँडल तुटलं: विमान कंपनीकडून भरपाई मिळते का आणि कशी?

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची एवढी विमानं रद्द झाली की विमानतळांवर बॅगांचे ढीग लागले, ते फोटो सगळ्यांनीच बघितले असतील, आणि शेवटी मंत्रालयाला सांगावं लागलं की लोकांपासून वेगळ्या पडलेल्या बॅगा ४८ तासांत शोधा आणि त्यांच्या पत्त्यावर पोचवा. ते सगळं बातमीत आलं कारण एकाच वेळी हजारो लोकांचं झालं. पण रोज, कुठलीही बातमी न होता, कुणाची तरी बॅग बेल्टवर येते तेव्हा तिचं एक चाक गायब असतं किंवा कोपरा फुटून आतला टॉवेल दिसत असतो. माणूस दमलेला असतो, बाहेर टॅक्सीवाला फोन करत असतो, सोबत लहान पोरं असतात. मग तो बॅग उचलतो आणि 'जाऊ दे' म्हणून चालायला लागतो.

हे 'जाऊ दे' मला फार खटकतं, म्हणून हा लेख. कारण कायदा या बाबतीत खरंच प्रवाशाच्या बाजूने आहे, फक्त त्याला दोन गोष्टी लागतात, तक्रार लेखी हवी आणि वेळेत हवी. या दोन गोष्टी माहीत नसल्यामुळेच बहुतेक लोकांचे पैसे बुडतात.

आधी मूळ गोष्ट: चूक कुणाची हे तुम्ही सिद्ध करायचं नसतं

समजा इस्त्रीवाल्याकडे साडी दिली आणि ती जळून परत आली. तुम्ही त्याला विचारणार का, की इस्त्री जास्त तापली होती की पोऱ्याचं लक्ष नव्हतं? नाही. साडी चांगली दिली होती, जळकी मिळाली, आता बोल. मधे काय झालं तो त्याचा प्रश्न.

चेक-इन केलेल्या बॅगेचं तसंच आहे. काउंटरवर बॅग दिली, तुमच्या हातात टॅगचा तुकडा आला, तिथपासून ती बेल्टवर परत मिळेपर्यंत बॅग विमान कंपनीच्या ताब्यात असते आणि तेवढ्या काळात काही झालं तर कंपनी जबाबदार. १९९९ साली माँट्रियलला देशादेशांमध्ये जो करार झाला, ज्याला माँट्रियल कन्व्हेन्शन म्हणतात, त्याच्या कलम १७ मध्ये हे स्वच्छ लिहिलंय. भारत २००९ मध्ये या करारात आला आणि आपल्या १९७२ च्या कॅरेज बाय एअर ॲक्टमध्ये तो जोडला गेला.

यात कंपनीला सुटकेची मुख्य वाट म्हणजे बॅगेत मुळातच दोष होता आणि नुकसान त्यामुळे झालं. म्हणजे शिवण आधीच उसवलेली होती, किंवा आतल्या लोणच्याच्या बरणीचं झाकण नीट लावलेलं नव्हतं आणि तेल कपड्यांवर सांडलं. तेवढ्यापुरती कंपनी सुटते.

काउंटरवर हमखास ऐकू येणारं एक वाक्य आहे, "सामान आम्ही हाताळत नाही, ग्राउंड हँडलिंगवाले वेगळे आहेत" किंवा "बेल्ट विमानतळाचा आहे". असेल. पण तुमचा व्यवहार तिकिटाच्या कंपनीशी झालाय, तिने पुढे कुणाला काम दिलं ते तिचं ती बघेल, तुम्ही त्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या मागे फिरायचं काही कारण नाही.

केबिन बॅगेचं मात्र उलटं आहे हे लक्षात ठेवा. ती तुमच्याच ताब्यात असते, म्हणून तिथे कंपनीची चूक होती हे दाखवावं लागतं. आणि गेटवर जागा नाही म्हणून तुमची केबिन बॅग टॅग लावून खाली पाठवली तर? मग ती कंपनीच्या ताब्यात गेली. तो टॅगचा तुकडा मागून घ्या, आणि देण्याआधी लॅपटॉप, औषधं, दागिने, पॉवर बँक काढून घ्या. पॉवर बँक तर चेक-इन सामानात चालतच नाही.

बॅग एवढी मोडते तरी कशी?

काउंटरमागच्या पडद्याआड बॅग गेली की ती बेल्टवरून घसरत, वळत, स्कॅनरमधून जात सॉर्टिंगला पोचते, आणि या प्रवासात लोंबणारा पट्टा किंवा बाहेर राहिलेलं हँडल कुठेतरी अडकलं की मागून येणाऱ्या बॅगा त्यावर आदळतात. मग ट्रॉलीवर चढवणं, विमानापर्यंत ओढत नेणं, आणि मग विमानाच्या पोटात भरणं.

इथे विमान कुठलं आहे त्यानेही फरक पडतो. अमेरिका-युरोपला जाणाऱ्या मोठ्या विमानांत बॅगा आधी कंटेनरमध्ये रचतात आणि अख्खा कंटेनर आत सरकवतात. आपल्याकडे पुणे-दिल्ली किंवा मुंबई-नागपूरला जी छोटी विमानं उडतात त्यांत बहुतेक वेळा एकेक बॅग हाताने भरली जाते. तिथे आत माणसाला ताठ उभंसुद्धा राहता येत नाही, गुडघ्यावर बसून, वाकून, मिनिटं मोजत तो बॅगा पुढे ढकलत असतो. त्या कामगारावर राग काढण्यात अर्थ नाही, तो उन्हापावसात पाठ मोडून काम करतो. एका बॅगेचं वजन ३२ किलोच्या वर चालत नाही तेही याच माणसांच्या पाठीसाठी. पण त्याचं काम अवघड आहे म्हणून तुमचं नुकसान तुम्ही सोसायचं असं होत नाही, ती जबाबदारी कंपनीची.

पावसाळ्यात मुंबईला तर बॅग भिजण्याची तक्रार फार. उघड्या ट्रॉलीवर बॅगा थांबल्या आणि सर आली की कापडी बॅग आतपर्यंत ओली. भिजून खराब झालेलं सामान हेसुद्धा नुकसानच, फक्त बॅग फुटली तरच तक्रार करता येते असं काही नाही.

विमानतळांची बॅगेज यंत्रणा चालवणारी सिटा नावाची कंपनी दरवर्षी जगभरचे आकडे काढते. २०२४ मध्ये दर हजार प्रवाशांमागे ६.३ बॅगांचं काहीतरी चुकलं आणि त्यातल्या साधारण १८ टक्के बॅगा तुटलेल्या किंवा आतून सामान गेलेल्या होत्या. म्हणजे ज्यांची नोंद झाली तेवढ्याच. जे 'जाऊ दे' म्हणून घरी गेले ते यात नाहीतच.

जास्तीत जास्त किती मिळतात?

इथे दोन वेगळे हिशोब आहेत आणि लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

देशातल्या देशात प्रवास असेल तर मर्यादा प्रत्येक प्रवाशामागे २०,००० रुपये. नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या २०१९ च्या पॅसेंजर चार्टरमध्येही हाच आकडा दिलाय.

आंतरराष्ट्रीय प्रवासात माँट्रियलचा करार लागतो आणि तिथली मर्यादा एसडीआर नावाच्या एककात मोजतात. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने डॉलर, युरो, युआन, येन आणि पाउंड या पाच चलनांवरून ठरवलेलं हिशोबाचं माप, त्याची नोट नसते. एकाच देशाचं चलन धरलं तर त्याच्या चढउताराने सगळ्यांचंच गणित बिघडेल म्हणून हे. सुरुवातीला मर्यादा १००० एसडीआर होती, महागाई बघून दर पाच वर्षांनी आढावा घेतात, २०१९ च्या शेवटी ती १२८८ झाली आणि २८ डिसेंबर २०२४ पासून १५१९. रुपयात साधारण पावणेदोन-दोन लाखांच्या आसपास, त्या दिवशीच्या दराप्रमाणे. काही ठिकाणी अजून जुने आकडे लिहिलेले सापडतात, त्यामुळे कुणी ११३१ किंवा १२८८ सांगितलं तर विचारा की हा आकडा कधीचा.

आता नीट वाचा, ही कमाल मर्यादा आहे, ठरलेली रक्कम नाही. चार हजारांची बॅग मोडली तर चार हजारांच्या आतबाहेरचंच नुकसान मिळणार, वीस हजार मिळणार नाहीत. आणि मर्यादा प्रवाशामागे आहे, बॅगेमागे नाही. युरोपियन कोर्टाने २०१२ मध्ये एका प्रकरणात असंही म्हटलंय की कुटुंबाने सामान एकाच बॅगेत भरलं असेल तरी ज्याच्या-ज्याच्या वस्तू होत्या तो प्रत्येक प्रवासी आपला वेगळा दावा करू शकतो, फक्त त्या त्याच्या होत्या हे दाखवता आलं पाहिजे. आपल्या कोर्टावर ते बंधनकारक नाही पण करार तोच आहे, त्यामुळे मुद्दा मांडायला हरकत नाही.

मर्यादेपेक्षा महाग काही नेत असाल, समजा संगीताचं वाद्य किंवा कॅमेऱ्याचं सामान, तर चेक-इनच्या वेळी त्याची किंमत लेखी जाहीर करून वरचे पैसे भरायची सोय करारात आहे. याला स्पेशल डिक्लरेशन म्हणतात. काउंटरवरच्या पोराला हे माहीत नसण्याची शक्यता बरीच आहे, त्यामुळे दोन-तीन दिवस आधी कंपनीला ईमेल करून ठेवलेलं बरं.

न्यूयॉर्क-मुंबई-नागपूर असा प्रवास असेल तर नागपूरचा टप्पा कशात धरायचा?

हा प्रश्न आपल्या लोकांना फार पडतो. तिकीट एकच असेल तर सगळा प्रवास आंतरराष्ट्रीय धरला जातो, मुंबई-नागपूरसुद्धा. म्हणजे नागपूरला बॅग फुटलेली मिळाली आणि काउंटरवरच्याने सांगितलं की हे डोमेस्टिक आहे, वीस हजारांची मर्यादा, तर ते बरोबर नाही. दोन तिकिटं स्वतंत्र काढली असतील तर मात्र मुंबई-नागपूर हा वेगळा प्रवास आणि तिथे देशांतर्गत नियम.

अजून एक. परदेशातून येताना कस्टम्ससाठी बहुतेक वेळा मुंबईलाच बॅग हातात घेऊन पुन्हा पुढे द्यावी लागते. तेव्हा घाई असते, पण बॅगेवरून एकदा हात फिरवा, चारही चाकं आणि हँडल बघा, फोटो काढा. इथेच काही दिसलं तर इथेच नोंद करा, नाहीतर पुढे दोन कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवत बसतात. तसं करारात सोय आहे, पहिली कंपनी, शेवटची कंपनी आणि जिच्या टप्प्यात नुकसान झालं ती, यातल्या कुणावरही दावा करता येतो. व्यवहारात जिच्या विमानाने शेवटी उतरलात तिच्याकडेच तक्रार नोंदवायची.

बेल्टपाशी काय करायचं

बाहेर पडायच्या आधी त्याच हॉलमध्ये कंपनीचा बॅगेज काउंटर असतो, तिथे जा आणि पीआयआर मागा. पीआयआर म्हणजे प्रॉपर्टी इरेग्युलॅरिटी रिपोर्ट, बॅगेचं काय बिघडलंय त्याची अधिकृत नोंद. त्यावर एक नंबर असतो, सुरुवातीला विमानतळाचा कोड, बीओएम म्हणजे मुंबई, पीएनक्यू म्हणजे पुणे, मग कंपनीची दोन अक्षरं आणि पुढे आकडे. हा नंबर मिळाल्याशिवाय हलू नका. वहीत लिहून घेतो, फोन करतो, असं कुणी म्हणालं तर शांतपणे सांगा की मला कॉपी द्या. कॉपी नाही दिली तर स्क्रीनचा किंवा त्या कागदाचा फोटो घ्या आणि तिथेच उभं राहून कंपनीच्या ईमेलवर दोन ओळी पाठवा, म्हणजे वेळेचा पुरावा राहतो.

फोटो काढताना अख्खी बॅग, मग तुटलेला भाग जवळून, मग टॅग दिसेल असा एक, आणि जमलं तर मागे बेल्टचा नंबर दिसू दे. बॅगेवरचा टॅग घरी गेल्यावरही फाडू नका. बोर्डिंग पास टाकून देऊ नका. मोडकी बॅग तर तक्रार मिटेपर्यंत अजिबात फेकू नका, कंपनी बघायला मागू शकते.

आणि याच्या आधीचं एक काम, निघताना काउंटरवर बॅग ठेवाल तेव्हा वजनाच्या आकड्यासकट एक फोटो. आता बऱ्याच विमानतळांवर आपणच टॅग लावून बॅग मशीनवर सोडायची असते, तिथे बॅग चांगली होती हे बघणारा माणूसच नसतो, त्यामुळे तुमचा फोटो हाच पुरावा.

घरी आल्यावर लक्षात आलं तर गेलं का सगळं?

नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासात बॅग हातात आल्यापासून ७ दिवस असतात. बॅग उशिरा आली असेल आणि त्यातून काही खर्च झाला असेल तर त्याला २१ दिवस, आणि २१ दिवसांत बॅग आलीच नाही तर ती हरवली असं धरून दावा करता येतो. हे आकडे वेगळे आहेत, गल्लत करू नका, फुटलेल्या बॅगेला सातच. उशिरा आलेली बॅग कुरियरने घरी आली आणि ती फुटलेली निघाली तर ते सात दिवस ती घरी मिळाल्यापासून मोजायचे. आतून एखादी वस्तू गेली असेल तरी सात दिवसांतच कळवा.

पण एक फरक पडतो. न बोलता बॅग घेऊन गेलात की कायदा प्रथमदर्शनी असं धरतो की ती चांगल्या अवस्थेत मिळाली. मग ती विमानातच मोडली आणि तुमच्या ओला टॅक्सीच्या डिकीत नाही, हे पटवायची जबाबदारी तुमच्यावर येते. म्हणून हॉलमधली नोंद सगळ्यात भारी. देशांतर्गत प्रवासात तर कंपन्यांच्या अटींत विमानतळ सोडायच्या आधी कळवा असंच बहुधा लिहिलेलं असतं, तिथे सात दिवसांच्या भरवशावर राहू नका.

तक्रार लेखीच लागते, फोनवर बोलून समाधान मानू नका. २०१८ मध्ये फिनएअरच्या एका प्रकरणात युरोपियन कोर्टाने म्हटलं की प्रवाशाने फोनवर सांगितलं आणि कर्मचाऱ्याने ते वेळेत कॉम्प्युटरमध्ये नोंदवलं तर ती लेखी तक्रार धरता येईल. चांगला निकाल आहे, पण कर्मचाऱ्याने नोंद केली का हे तुम्हाला कुठे दिसतंय? आपला ईमेल आपण करायचा. त्यात नाव, पीएनआर, विमान क्रमांक, तारीख, टॅगवरचा दहा आकडी नंबर, पीआयआर नंबर, काय तुटलं, किती मागताय, आणि फोटो. मोठं रडगाणं लिहू नका, वाचणाऱ्याला पहिल्या पाच ओळींत सगळं मिळालं पाहिजे.

"चाकं आणि हँडल आमच्या पॉलिसीत येत नाहीत"

सगळ्यात जास्त वेळा हेच उत्तर मिळतं आणि सगळ्यात जास्त लोक इथेच गप्प बसतात. वेबसाइटवर, तिकिटाच्या बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की चाकं, पट्टे, हँडल, ओरखडे, पोचे यांना आम्ही जबाबदार नाही, ही वापरातली नेहमीची झीज आहे.

आंतरराष्ट्रीय प्रवासात याला उत्तर आहे. माँट्रियलच्या कलम २६ प्रमाणे करारातली जबाबदारी टाळणारी किंवा मर्यादा कमी करणारी कुठलीही अट रद्द ठरते, कंपनीने ती कितीही ठळक छापली तरी. आणि करारात सूट मुख्यतः बॅगेच्या मूळ दोषाला आहे, चाकाला वेगळी सूट नाही. अमेरिकेच्या वाहतूक खात्याने २०१५ मध्ये कंपन्यांना बजावलं होतं की चाकं, हँडल, पट्टे यांचं नुकसान सरसकट नाकारता येणार नाही. म्हणून ईमेलमध्ये कलम १७ आणि २६ चा एका ओळीत उल्लेख करा. समोरच्याला कळतं की याने वाचलंय, आणि मग उत्तराची भाषा बदलते.

देशातल्या प्रवासात कंपनीच्या अटींना जास्त वजन दिलं जातं, तरी अख्खं चाक मुळापासून उखडणं ही झीज नव्हे, हे फोटो दाखवून मांडायचंच. बारीक ओरखड्यांसाठी मात्र मी स्वतः भांडणार नाही. बॅग त्यासाठीच असते की आतलं सामान सुरक्षित राहावं आणि ओरखडे तिच्यावर पडावेत. जिथे बॅग वापरता येत नाही किंवा उघडझाप होत नाही तिथे लावून धरा.

"ही सही करा, बॅग थोडी खराब दिसतेय"

चेक-इनला कधीकधी एक टॅग पुढे करतात, लिमिटेड रिलीज टॅग. त्याचा अर्थ, ही बॅग आधीच खराब आहे, किंवा जास्त कोंबलेली आहे, किंवा आत नाजूक सामान आहे, हे मला मान्य आहे. खरं असेल तर सही करायला हरकत नाही. पण नुसतं जुनं दिसतंय म्हणून सही मागत असतील तर काय खराब आहे ते नेमकं लिहायला लावा, "एका बाजूचा पट्टा फाटलेला" असं. मग पट्ट्याचं तुमच्याकडे, पण चाक मोडलं तर त्या सहीचा चाकाशी संबंध नाही.

"बिल कुठंय? आणि बॅग किती जुनी?"

बिल नसलं म्हणून दावा मरत नाही. ऑनलाइन घेतली असेल तर ॲपमध्ये जुनी ऑर्डर सापडते, कार्डाचं स्टेटमेंट असतं, भेट मिळालेली असेल तर त्याच मॉडेलची आजची किंमत दाखवता येते. जुन्या बॅगेचे पैसे कापून देतात हे खरं आहे आणि ते थोडंफार रास्तही आहे, पाच वर्षं वापरलेल्या बॅगेला नवीची किंमत कोण देणार. पण किती कापले आणि कुठल्या हिशोबाने, हे विचारा.

कंपनी साधारण तीनपैकी एक देते, दुरुस्ती, बदली बॅग किंवा पैसे. विमानतळावरच कंपनी नवी बॅग पुढे करते, ती तुमच्याच मापाची आणि दर्जाची असेल तर घेऊन मोकळं व्हा, महिनाभर ईमेल करण्यापेक्षा बरं. पण हजार रुपयांचं व्हाउचर देऊन सोबत एक कागद सहीला ठेवला तर तो पूर्ण वाचा. 'फुल अँड फायनल सेटलमेंट' असं लिहिलं असेल तर त्या सहीने बाकीचा दावा संपतो. तिकिटावरची आधीची अट रद्द ठरू शकते, पण नुकसान झाल्यावर तुम्ही स्वतः केलेली तडजोड सहसा रद्द होत नाही. आत अजून काय फुटलंय ते बघितल्याशिवाय असल्या कागदावर सही नको.

आतलं सामान फुटलं तर?

तेही कंपनीच्या जबाबदारीत येतं, पण इथे मूळ दोषाचा मुद्दा जास्त लागू पडतो. काचेची बरणी नुसती साडीत गुंडाळून ठेवली आणि फुटली तर कंपनी म्हणेल पॅकिंग चुकीचं होतं, आणि तिचं म्हणणं टिकू शकतं. बॅगच बाहेरून फुटलेली असेल आणि तिथलीच वस्तू मोडली असेल तर तुमची बाजू भक्कम. दागिने, रोकड, कागदपत्रं, लॅपटॉप हे चेक-इनमध्ये टाकूच नका. कायद्याने कदाचित मिळेलही, पण आईच्या बांगड्या बॅगेत होत्या हे दाखवणार कसं?

अमेरिकेहून येताना कुलूप तोडलेलं आणि आत तपासणीची चिठ्ठी असेल तर ती तिथल्या टीएसए या सुरक्षा खात्याची. त्याचा दावा टीएसएकडेच करायचा, कंपनी त्यात पडत नाही.

व्हीलचेअर मोडली तर

हे मला सगळ्यात जास्त लागतं. बॅग मोडली तर गैरसोय होते, व्हीलचेअर मोडली तर माणसाचे पायच गेले, तो विमानतळावरून हलूच शकत नाही. आणि तरीही माँट्रियलच्या करारात व्हीलचेअर सामानातच मोजली जाते, तीच १५१९ एसडीआरची मर्यादा, मग इलेक्ट्रिक खुर्ची चार-पाच लाखांची का असेना. अमेरिकेत देशांतर्गत प्रवासासाठी नियम वेगळा आहे, तिथे खुर्चीच्या मूळ खरेदी किमतीपर्यंत भरपाई द्यावी लागते. आपल्याकडे आणि आंतरराष्ट्रीय करारातही हे व्हायला हवं असं माझं ठाम मत आहे. तोवर घरात कुणी व्हीलचेअर वापरत असेल तर आधी सांगितलेलं स्पेशल डिक्लरेशन विसरू नका, आणि खुर्चीचे चालू स्थितीतले फोटो, जमलं तर व्हिडिओ, देण्याआधी काढून ठेवा.

इन्शुरन्स आहे, मग एवढं कशाला?

पॉलिसी उघडून बघा. बऱ्याच ट्रॅव्हल पॉलिसींमध्ये बॅग हरवली किंवा उशिरा आली तर पैसे मिळतात, पण नुसती मोडली तर नाही. आणि जिथे मिळतात तिथेही इन्शुरन्सवाले पहिलं पीआयआरच मागतात, त्यामुळे काउंटरचं काम चुकत नाही. एकाच नुकसानाचे दोन्हीकडून पूर्ण पैसे घेता येत नाहीत, एकाने दिले त्यातून उरलेलं दुसऱ्याकडे मागायचं.

कंपनी उत्तरच देत नाही

पायऱ्या अशा आहेत. आधी कस्टमर केअर, मग कंपनीचा नोडल ऑफिसर, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेला अधिकारी, मग त्याच्या वरची अपीलेट ऑथॉरिटी, ही नावं आणि ईमेल कंपनीच्या वेबसाइटवर असतात. प्रत्येक ठिकाणी आधीच्या ईमेलवरच पुढे लिहा, नवा सुरू करू नका, म्हणजे सगळा इतिहास एका जागी राहतो. सोबत सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर किंवा ॲपवर तक्रार टाका, तिथून ती कंपनीकडे जाते आणि तिला उत्तर द्यावं लागतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबरही आहे.

त्यानेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. लोक म्हणतात कंपनीचं ऑफिस गुडगावला, कोण जाणार तिकडे. जायचंच नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे सांगलीच्या माणसाने सांगलीत. वकील सक्तीचा नाही, सेवेसाठी, म्हणजे तिकिटाला, मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि तक्रार ऑनलाइनही दाखल होते. बॅगेच्या पैशाबरोबर मानसिक त्रास आणि खर्चाचीही मागणी करता येते. दोन हजारांच्या बॅगेसाठी मी आयोगात जा म्हणणार नाही, पण वीस-पंचवीस हजारांचं सामान गेलं असेल आणि कंपनीने साधं उत्तर दिलं नसेल तर नक्की जा.

मुदत २ वर्षांची, माँट्रियलमध्येही तेवढीच आणि ग्राहक कायद्यातही. माँट्रियलमध्ये ती विमान उतरल्यापासून मोजतात, कंपनीच्या शेवटच्या ईमेलपासून नाही, त्यामुळे "तुमची तक्रार तपासली जात आहे" असं कंपनी दर दोन महिन्यांनी पाठवत असेल तर ते तपासणं संपायची वाट बघत बसू नका, विमान उतरल्याची तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा आणि दीड वर्ष झालं की आयोगाचे कागद तयार करायला घ्या.